चार सेलची पेटी: घरची लिथियम बॅटरी स्वतः बांधताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आमच्या वाडीतले विजेचे खांब आडवे झाले, आणि लाईट परत यायला तीन आठवडे लागले. घरात इन्व्हर्टर होता, दीडशे एएचची (म्हणजे अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी होती. पहिली रात्र पंखे फिरले. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर टीं-टीं ओरडला आणि गप्प झाला. मग ती बॅटरी तीन आठवडे रिकामी पडून राहिली. शिसं आणि आम्लाची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि तो पुन्हा सुटत नाही. लाईट आल्यावर चार्ज केली, तर दोन तासांत बसायला लागली.

तीन आठवडे लिथियम बॅटरीनेही काढले नसते, हे आधीच सांगतो. पण ती चार-पाच तासांत पुन्हा भरता आली असती, छपरावरच्या एका पॅनेलवरही चालली असती, आणि दोन-चार दिवस अर्धवट राहिली म्हणून मेली नसती. त्यानंतर मी अशा तीन पेट्या बांधल्या: एक आमची, एक बहिणीकडे, एक शेजारच्या काकांकडे. पहिल्या पेटीत एक सेल मीच वाया घालवला, त्याची गोष्ट पुढे येईलच.

हा लेख ज्याला मल्टिमीटर धरता येतो पण बॅटरी कधी बांधलेली नाही, त्याच्यासाठी आहे. मल्टिमीटरही धरता येत नसेल तर आधी तो शिका, नाहीतर तयार लिथियम बॅटरी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. तयार बॅटरीला वॉरंटी मिळते, आणि हाताने बांधलेली दरवेळी स्वस्त पडतेच असं नाही. मी बांधतो कारण बिघडली तर मला उघडता येते.

आधी कागद आणि पेन

बहुतेकजण सुरुवात "किती एएचची घेऊ?" या प्रश्नाने करतात. त्याआधीचा प्रश्न हा, की लाईट गेल्यावर काय चालायला हवं आणि किती वेळ. आमचा पावसाळ्यातल्या एका रात्रीचा हिशेब असा होता. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, प्रत्येकी ३० वॉट, आठ तास: ४८०. चार एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॉट, चार तास: १४४. वायफायचा राउटर १० वॉट, बारा तास: १२०. टीव्ही ५० वॉट, दोन तास: १००. मोबाईलना ३०. सगळं मिळून ८७४ वॉट-तास, म्हणजे एका युनिटलाही थोडं कमी. इन्व्हर्टर स्वतः वीज खातो, आणि लोड कमी असला की त्याच्या मानाने जास्तच खातो. म्हणून ८७४ ला ०.८ ने भागा. झाले साधारण १,०९०.

आता बॅटरीकडे या. १२.८ व्होल्ट गुणिले १०० एएच म्हणजे १,२८० वॉट-तास. त्यातले ९० टक्के वापरायचे म्हटले तर १,१५०. एक रात्र निघते.

याच हिशेबात जुने ७५ वॉटचे पंखे घालून बघा. नुसत्या पंख्यांचेच १,२०० होतात आणि पेटी पहाटेच्या आधी संपते. म्हणून बॅटरीला हात घालण्याआधी पंखे बदला. दोन पंख्यांचे पैसे बॅटरी दुप्पट करण्याच्या पैशांपेक्षा नक्की कमी लागतात. विहिरीचा पंप, गिझर, इस्त्री, मिक्सर हे या कागदावर लिहूच नका. फ्रिज लिहायचा असेल तर पेटी मोठी होते आणि व्होल्टही बदलतात. ती दुसरी पेटी असू द्या, पहिली नको.

कुठला सेल, आणि चारच का

लिथियम म्हणजे एकच वस्तू नव्हे. मोबाईल-लॅपटॉपमधले सेल वेगळे, घरासाठी घ्यायचे वेगळे. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. बाजारात त्याला एलएफपी किंवा लायफेपो म्हणतात. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९० च्या दशकात हे रसायन पुढे आणलं (२०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी हेच). तापलं तरी ते लॅपटॉपच्या सेलइतक्या सहजपणे ऑक्सिजन सोडत नाही, म्हणून भडकण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले शेकडो गोल सेल जोडण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. छंद म्हणून मोहात पाडणारं काम आहे. पण शंभर सेलमधला कोणता आतून गळतो आहे ते महिनाभर तपासल्याशिवाय कळत नाही, आणि जे कळत नाही ते घरात, झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे ठेवायचं माझं तरी धाडस नाही.

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. पूर्ण भरला की ३.६५, आणि २.५ च्या खाली कधीच न्यायचा नाही. असे चार एकापुढे एक जोडले की १२.८ होतात, जे तुमच्या घरातल्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरशी जुळतं. आठ जोडले तर २५.६, सोळा जोडले तर ५१.२. मोठ्या लोडला जास्त व्होल्टच बरे, कारण अँपिअर कमी होतात आणि वायर बारीक चालते. हजार वॉट काढायला १२ व्होल्टवर नव्वद-शंभर अँपिअर लागतात, ४८ वर पंचवीसच्या आसपास. तरीही पहिली पेटी चार सेलचीच करा. चारात झालेली चूक सापडते. सोळांत ती शोधत बसावं लागतं.

वजनाचा फरक हातात घेतल्यावरच कळतो. पाणी भरलेली ट्यूब्युलर पन्नास किलोच्या वर असते. शंभर एएचचा एक सेल साधारण दोन किलोचा. चौघं मिळून आठ, आणि खोक्यासकट बारा किलोच्या आत.

सामान

एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे चार चौकोनी सेल. बहुतेकांवर क्यूआर कोड असतो. तो खरवडलेला दिसला तर सेल परत करा. पोट पुढे आलेला सेल घेऊ नका, "थोडं फुगतंच" असं दुकानदार म्हणाला तरी. सोबत सेल जोडायच्या तांब्याच्या पट्ट्या येतात, बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या.

बीएमएस हे या पेटीचं राखणदार सर्किट. प्रत्येक सेलचे व्होल्ट बघतं, आणि एखादा मर्यादेबाहेर गेला की पेटी तोडतं. इथे दुकानात हमखास गोंधळ होतो. "बारा व्होल्टचा बीएमएस द्या" म्हटलं की तीन सेलचा, लॅपटॉपच्या रसायनासाठीचा हातात पडू शकतो. तो तुमच्या कामाचा नाही. "एलएफपी, चार सेलचा, शंभर अँपिअरचा" असंच मागा, ब्लूटूथवाला घ्या, आणि तापमानाचा सेन्सर आहे का बघा. ब्लूटूथची चैन वाटेल, पण चार सेलचे चार आकडे मोबाईलवर दिसणं हेच पुढच्या सगळ्या देखभालीचं मूळ आहे.

मग फ्यूज आणि त्याचा होल्डर, पंचवीस स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) तांब्याची लवचिक वायर लाल आणि काळी, तिच्या टोकांना दाबून बसवायचे तांब्याचे लग, हीट श्रिंक स्लीव्ह, सेलच्या मधे घालायला फायबरच्या पातळ शीट, एक डीसी पॉवर सप्लाय, आणि शक्य असेल तर टॉर्कचा पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा. लग दाबायचं हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल विकत घेण्यापेक्षा एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून दिवसभर मागून आणा. हातोडीने ठोकलेला लग वरून चांगला दिसतो आणि आतून पोकळ राहतो.

माझ्या अंदाजाने सेलला जेवढे पैसे लागतात, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त बाकीच्या सामानाला लागतात. इथे लोक कात्री लावतात, आणि नेमकी फ्यूजला लावतात.

हात लावण्याआधी

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बाई काम करणार असेल तर बांगड्या आणि मंगळसूत्रही. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण चार सेल आणि पट्ट्या मिळून आतला रोध दोन-अडीच मिलिओहम असतो. १२.८ भागिले ०.००२५ करून बघा, पाच हजार अँपिअर येतात. पाना दोन टोकांवर पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो; अंगठी असेल तर बोटासकट. पान्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. जोडणी चालू असताना उरलेल्या टोकांवर पुठ्ठा किंवा रबराचा तुकडा झाकून ठेवा. डोळ्यांना चष्मा. आणि लहान मुलं, मांजर, "काय करतोस रे" विचारायला येणारे पाहुणे, सगळे बाहेर.

सेल एका पातळीवर आणणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा रेंगाळतो.

सेल येतात तेव्हा अर्धवट भरलेले असतात. मल्टिमीटर चौघांवर ३.२९, ३.३०, ३.२९, ३.२९ असं काहीतरी दाखवेल आणि वाटेल, सारखेच तर आहेत. ते सारखे नसतात. एलएफपीचे व्होल्ट मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाहीत. एक सेल चाळीस टक्के आणि दुसरा साठ टक्के असला तरी काट्यात फरक दिसत नाही. तसेच जोडले तर चार्ज करताना साठवाला आधी भरतो, बीएमएस पेटी तोडतं, आणि चाळीसवाला कायमचा अर्धवट राहतो. शंभर एएचची पेटी ऐंशीची होऊन बसते.

म्हणून चौघांना एकदा पूर्ण भरून एका रेषेत आणायचं. यासाठी चारही सेल समांतर जोडतात, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. पण सरळ इथून सुरुवात केली तर दिवस जातो. चार सेल समांतर म्हणजे ४०० एएच. साठ टक्के रिकामे असतील तर २४० एएच भरायचे, आणि दहा अँपिअरच्या सप्लायला चोवीस तास लागतात. त्याऐवजी आधी चौघं एकापुढे एक जोडून, बीएमएस लावून भरा (ही जोडणी कशी करायची ते पुढे "पेटी आणि जोडणी"मध्ये आहे, ते आधी वाचा). मग साठच एएच जायचे असतात, सहा तासांत होतं. सप्लाय १४.४ व्होल्टवर ठेवा आणि एखादा सेल ३.५५ च्या वर गेला की थांबा. जोडणी सोडा, चौघं समांतर करा, आणि उरलेलं काम ३.६ व्होल्टवर पूर्ण करा.

समांतर करण्यासाठी पट्ट्या सोडताना प्रत्येक सेलची दिशा मल्टिमीटरने बघा, रंगावर किंवा आठवणीवर जाऊ नका. चारातला एक उलटा जोडला गेला तर मघाचे हजारो अँपिअर तुमच्या समोर.

सप्लायचं बटण वायर जोडण्याआधी फिरवायचं. टोकं मोकळी असताना ३.६० लावा, मल्टिमीटरने खात्री करा, मग सेलला जोडा, आणि त्यानंतर त्या बटणाला हात लावायचा नाही. माझा सेल गेला तो इथे. सप्लायवर ३.६५ दिसत होतं, सेलवर ३.४५, आणि अँपिअर उतरत चालले होते. मला वाटलं सप्लाय मंदावला. बटण थोडं वर केलं आणि जेवायला बसलो. खरं कारण एवढंच होतं की सप्लायसोबत आलेल्या वायरी बारीक होत्या आणि व्होल्ट त्यांच्यातच पडत होते. सेल भरत आला, अँपिअर कमी झाले, वायरीतली घट संपली, आणि चढवलेले व्होल्ट थेट सेलवर गेले. जेवून आलो तर ४.१. एकाचं पोट बोटभर पुढे आलेलं. फुगलेला सेल पुन्हा बसत नाही. तेव्हापासून वायरी जाड आणि आखूड वापरतो, आणि मोजतो ते सेलच्या टोकावर, सप्लायच्या पडद्यावर नाही.

अँपिअर शून्याजवळ आले की काम झालं. सप्लाय काढा आणि एक रात्र सेल सुटे ठेवा. सकाळी चौघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा इतरांपेक्षा स्पष्ट खाली उतरला असेल तर तो आतून गळतो आहे. तो बदलून घ्या.

पेटी आणि जोडणी

सेलच्या निळ्या वेष्टनावर विश्वास ठेवू नका. ते पातळ असतं, आणि आतली ॲल्युमिनियमची डबी विजेपासून पूर्ण अलग नसते. प्रत्येक दोन सेलमध्ये फायबरची शीट घाला. सगळे मिळून घट्ट धरले जातील पण चेपणार नाहीत असा सांगाडा करा. दोन बाजूंना जाड फळ्या आणि चार लांब बोल्ट पुरतात. बाहेरचं खोकं पत्र्याचं असेल तर आतून रबर किंवा फायबर लावा.

टोकं ॲल्युमिनियमची असतात आणि त्यांवर न दिसणारा थर धरतो. आमच्याकडे खाऱ्या हवेत तो लवकर धरतो. बारीक पॉलिश पेपरने टोक आणि पट्टी दोन्ही घासा, पुसा, लगेच जोडा. नट आवळताना ताकद दाखवू नका, कारण ॲल्युमिनियमचे आटे सहज निघतात. उत्पादकाच्या कागदावर दिला असेल तेवढाच टॉर्क. शंभर एएचच्या सेलना तो बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटरच असतो, म्हणजे लहान पान्याने मनगटाची ताकद.

एका सेलचं प्लस पुढच्याच्या मायनसला, असे चार. आता बीएमएसच्या बारीक वायरी. काळी पहिल्या सेलच्या मायनसवर, मग पुढची पहिल्याच्या प्लसवर, मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. त्यांचा प्लग अजून बीएमएसमध्ये घालायचा नाही. मल्टिमीटरचं काळं टोक काळ्या पिनवर धरून एकेक पिन मोजत जा: ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशी पायऱ्या चढल्यासारखी रांग आली पाहिजे. एक पायरी चुकली असेल तर वायर चुकली आहे. प्लग घातल्यावर चूक कळते ती बीएमएसमधून येणाऱ्या धुरावरून. तो वास मी एकदा घेतला आहे.

बीएमएसची जाड निळी किंवा काळी वायर, जिच्यावर बी मायनस लिहिलेलं असतं, ती पेटीच्या मायनसला. दुसरी, पी मायनसची, इन्व्हर्टरकडे. आधी बी मायनस लावा, मग बारीक प्लग घाला. काढताना याच्या उलट. इन्व्हर्टर, सोलर, काहीही असो, त्याचं मायनस पी मायनसवरूनच आलं पाहिजे. थेट सेलच्या मायनसला जोडलेली वस्तू बीएमएसला दिसतच नाही, आणि ती सेल मरेपर्यंत पिऊन टाकते.

फ्यूज

फ्यूज प्लसच्या वायरवर, पेटीच्या जितका जवळ बसेल तितका. इन्व्हर्टरच्या बाजूला लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते.

नऊशे व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर जास्तीत जास्त सातशे वॉट देतो असं धरा. ०.८५ ने आणि मग १२ व्होल्टने भागा, सत्तर अँपिअरच्या आसपास येतं. थोडी सूट ठेवून शंभरचा फ्यूज. पण आकड्याइतकंच महत्त्व प्रकाराला आहे. गाडीच्या म्युझिक सिस्टीमचा काचेचा किंवा पट्टीचा फ्यूज शंभरचा मिळतो आणि स्वस्तही असतो. पाच हजार अँपिअर आले तर तो वितळेल, पण वितळलेल्या जागेतून ठिणगी वाहत राहू शकते. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी तुटते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. म्हणून क्लास टी प्रकारचा, किंवा डीसीसाठीचाच असं छापलेला एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज घ्या, आणि किती हजार अँपिअर तोडू शकतो हे त्यावर वाचा. क्लास टी २०,००० पर्यंत तोडतो. याच कारणाने घरच्या डीबीतला साधा एमसीबी इथे लावायचा नाही.

इन्व्हर्टर जुळवणं

जुना इन्व्हर्टर ट्यूब्युलरसाठी बनलेला असतो. त्याला लिथियमचं सेटिंग असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आधी परीक्षा घ्या, आणि ती जुनी बॅटरी जोडलेली असतानाच घ्या. चार्जिंग पूर्ण होत येईपर्यंत तासातासाला बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजून लिहा. सगळ्यात मोठा आकडा १४.४ पर्यंत राहिला तर चालेल, १४.२ असेल तर उत्तम. काही इन्व्हर्टर अधूनमधून बॅटरीला उकळी दिल्यासारखं पंधराच्या वर नेतात, प्लेटा साफ करायला. ट्यूब्युलरला ते औषध, लिथियमला विष. ते बंद करता येत नसेल तर इन्व्हर्टर बदला. "बीएमएस तोडेल की" असं म्हणू नका. बीएमएस शेवटचा रखवालदार आहे, रोजच्या कामाला त्याला जुंपायचं नाही.

खालची बाजू जास्त फसवी. जुना इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला बंद होतो, म्हणजे सेलमागे २.६. तिथवर जाताना चारांतला एक कमजोर सेल आधीच २.५ गाठतो, बीएमएस तोडतं, आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच काढून नेली. मग लाईट आली तरी कित्येक इन्व्हर्टर चार्जिंग सुरूच करत नाहीत, कारण त्यांना समोर व्होल्ट दिसत नाहीत. बहिणीच्या घरी असं झालं. पहाटे फोन आला, "दादा, लाईट आली आहे तरी तुझी पेटी मेलेलीच आहे." पेटी धडधाकट होती, सप्लायने पाच मिनिटं करंट दिल्यावर जागी झाली. उपाय म्हणजे इन्व्हर्टर बीएमएसच्या आधी थांबला पाहिजे. सेटिंग असेल तर १२ व्होल्टला बंद करा. नसेल तर मोबाईलवर २० टक्क्यांची सूचना लावा, आणि ती वाजली की पंखा सोडून बाकी बंद.

इन्व्हर्टरच्या पुढची घरातली लाईन, न्यूट्रल, अर्थिंग हे काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. तिथे २३० व्होल्ट आहेत आणि तिथली चूक दुसऱ्या कोणाला तरी भोवते.

पहिल्यांदा चालू करताना

इन्व्हर्टर लगेच जोडू नका. आधी गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब लावून बघा. चार-पाच अँपिअर जातील. मोबाईलवर तेवढेच दिसतात का, चारही सेल एकसारखे खाली सरकतात का, ते पाहा. मग इन्व्हर्टर. त्याच्या आत मोठे कपॅसिटर असतात, जोडताक्षणी चट्ट करून ठिणगी उडते, आणि कधीकधी बीएमएस तिला शॉर्ट समजून बंद पडतं. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब मधे धरून आधी त्यातून जोडा. बल्ब क्षणभर पेटून विझला की कपॅसिटर भरले. मग खरी वायर लावा.

आता दोनशे वॉटचा लोड देऊन पेटी पूर्ण भरल्यापासून बंद पडेपर्यंत चालवा. साधारण अठरा अँपिअर जातात, पाच-साडेपाच तास लागतात. किती एएच निघाले ते बीएमएस मोजतं. शंभरच्या आसपास निघाले तर सेल खरे. ऐंशी निघाले तर एकतर पातळी नीट आली नाही किंवा सेल वापरलेले आहेत. कुठला सेल आधी पडला ते बघितलं की कळतं.

याच वेळी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांवर मोजा. सगळीकडे दोन-चार मिलिव्होल्ट असे जवळजवळ सारखे आकडे येतील. एकाच जागी तिप्पट आला तर तो जोड ढिला किंवा मळका आहे. खोलून, घासून, परत लावा. जोड तापण्याच्या कितीतरी आधी मीटर हे सांगतो.

जागा

झोपायच्या खोलीत नको, जिन्याखाली नको (आग लागली तर पळायची वाट तीच असते), गॅसच्या सिलिंडरजवळ नको. लाकडी कपाटात बंद करून ठेवू नका. उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. विदर्भात राहत असाल तर हे दोनदा वाचा, कारण सेलचं आयुष्य उष्णता खाते. आमची पेटी पडवीच्या आतल्या भिंतीवर, जांभ्यात बसवलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर, कमरेच्या उंचीला आहे. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणला पाणी शिरलं तेव्हापासून इकडे जमिनीवर कोणी काही ठेवत नाही. जवळच एबीसी पावडरचा अग्निशामक टांगलेला आहे. पेटीतून धूर किंवा उग्र वास आला तर वाकून बघायला जायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ ला फोन करायचा.

आणि पाली. कोकणात उबदार खोक्यात पाल शिरते, मुंग्या घर करतात. पालीची विष्ठा दोन टोकांमध्ये पडली की तिथे हिरवा गंज धरतो. हवेच्या भोकांना बारीक स्टीलची जाळी लावा.

सोलर जोडायचं असेल तर

थोडक्यात. लिथियमचं सेटिंग असलेला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) घ्या. आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. जुलैत पॅनेलवर विसंबू नका, दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. आणि शेजाऱ्याने पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांपर्यंतच्या अनुदानावर छपरावर साधं ऑन-ग्रिड सोलर बसवलं असेल, तर लाईट गेल्यावर तेही बंद पडतं, ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लोकांना हे बसवून झाल्यावर कळतं.

नंतर

पाणी घालायचं नाही, हा सगळ्यात मोठा आराम. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण भरू द्या, म्हणजे बीएमएसला सेल समतोल करायला वेळ मिळतो आणि टक्क्यांचा हिशेब पुन्हा जागेवर येतो. व्होल्ट बघून किती उरली ते ठरवू नका, १३.२ दाखवताना बॅटरी चाळीस टक्के आहे की सत्तर हे सांगता येत नाही. चार सेलचे आकडे भरत आल्यावर महिन्यातून एकदा वहीत लिहा. वर्षभराने एखादा इतरांपासून दूर जात असेल तर वहीत दिसतो, मोबाईलवर त्या दिवशी दिसत नाही.

फुगलेला किंवा मेलेला सेल भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो गोळा करून घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे, तेव्हा जिथून घेतला तिथे आधी विचारा. माझा फुगलेला सेल अजून अंगणात, वाळूच्या बादलीत, पत्र्याखाली आहे. विक्रेता पुढच्या खेपेला घेऊन जातो म्हणाला आहे. नट मी गणपतीच्या आठवडाभर आधी तपासतो, पावसाची दमट हवा खाऊन झाल्यावर. गेल्या वर्षी तिसऱ्या पट्टीवर अकरा मिलिव्होल्ट आले, बाकी दोन्हींवर तीन.